काळी, पांढरी आणि घराच्या भिंती

दसरा आटोपला की घराघरांतून एक ठरावीक वाद सुरू होतो. जळमटे काढून झालेली असतात, माळ्यावरची भांडी खाली उतरलेली असतात, आणि मग भिंतींकडे पाहून कोणीतरी म्हणते, "यंदा रंग काढायलाच हवा." रंग काढायचा हे एकमताने ठरते, कोणता काढायचा, यावर मात्र घरात जितकी माणसे तितकी मते. मुलीला आकाशी हवा असतो, मुलाला एकच भिंत लालभडक हवी असते, आजीला पांढऱ्यापलीकडे काही पटत नाही, आणि घरधन्याला सगळ्यांत स्वस्त असेल तो हवा असतो. अखेरीस दुकानदार रंगांच्या पट्ट्यांचे जाडजूड पुस्तक उघडतो आणि मध्येच बोट ठेवून सांगतो, "हे घ्या. हल्ली हेच चालतात." ते रंग असतात मोतिया, बदामी, राखी, चंदनी, सायीसारखा. डोळ्यांत न खुपणारे, कोणत्याही सामानाशी भांडण न काढणारे. त्यांना आता 'न्यूट्रल' म्हणतात. आपण त्यांना मवाळ रंग म्हणू.

हे मवाळ रंग म्हणजे अलीकडची शहरी आवड, परदेशी मासिकांतून उचललेली, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या भिंतींचा इतिहास जरा खरवडून पाहिला तर वेगळेच दिसते. भिंत खरवडणे हा तसा सोपा उद्योग आहे. एखाद्या जुन्या घरात खिळा ठोकताना पोपडा निघतो आणि त्याच्या कडेला थरावर थर दिसतात. वर प्लॅस्टिक रंग, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली निळसर चुना, त्याखाली नुसता चुना आणि सर्वांत खाली माती. त्या बोटभर पोपड्यात दीड-दोनशे वर्षे मावलेली असतात. आपण खालून वर येऊ.

*

आपल्या खेड्यांच्या भाषेत जमिनीचे दोन भाग होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदपत्रांतून गावठाणाला 'पांढरी'च म्हटले आहे. गाव पांढरीवर वसायचा, कारण काळी माती पिकाला कितीही मायाळू असली तरी घराला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत एक वर्ष धड उभी राहायची नाही. पांढरी माती चिकट, टिकाऊ आणि उन्हाला परतवून लावणारी. म्हणून देशावरची घरे तिच्याच भिंतींची झाली आणि धाब्यावरही तीच पसरली गेली. घराचा रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. गावाखालची जमीन ज्या रंगाची, त्याच रंगाचे घर. दुकानदाराच्या पुस्तकातला आजचा 'मवाळ' रंग तो हाच, फक्त त्याला तिथे नवे नाव मिळाले आहे.

कोकणात आणि ठाण्याच्या बाजूला हिशेब निराळा. बदलापुरातला उल्हास नदीकाठचा हेंद्रेपाडा घ्या. पाडा म्हणजे मोजक्या घरांची वस्ती. आज तिथे इमारती आहेत, नगरपरिषदेचे दिवे आहेत. पण या पट्ट्यातल्या पाड्यांवरची जुनी घरे कुडाची असत. डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, त्या जवळजवळ उभ्या करून आडव्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा करायचा, म्हणजे भिंत झाली. ठाकूर, कातकरी, वारली यांच्या घरांची रीत हीच. वाळल्यावर हा गिलावा तांबूस करडा दिसतो. वारल्यांकडे लग्न निघाले की या भिंतीवर गेरूचा हात फिरतो आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिला जातो. चित्र काढायचे नसते, ते 'लिहायचे' असते. जिव्या सोमा मशे यांनी ही भिंत कागदावर उतरवली आणि तिला जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत रंग किती? दोनच. मातीचा आणि तांदळाचा. मागची भिंत गप्प आहे म्हणून पुढची पांढरी रेघ बोलते.

या मातीच्या रंगांची खाण आपल्या पायांखालीच आहे. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात लोह भरपूर. हजारो पावसाळे त्याच्यावरून गेले की लोह गंजते आणि कोकणातला तांबडा जांभा तयार होतो. गेरू किंवा काव म्हणजे हेच गंजलेले लोह, आणि पिवडी म्हणजे पाणी धरून बसलेले तेच लोह. पिवडीचा खडा तव्यावर चांगला तापवला की पाणी निघून जाते आणि पिवळा खडा डोळ्यांदेखत तांबडा होतो. वर्गात करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे. मुले तो एकदा पाहिला की विसरत नाहीत. व्यापारातून आलेली एक तांबडी माती आपल्याकडे 'हिरमुजी' म्हणून ओळखली जाई. इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाचे नाव तिच्यात अजून शिल्लक आहे.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी याच रंगांवर काम भागवले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली आणि जगाला त्यांची वार्ता लागली. तिथल्या भिंतींचा गिलावा माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा आहे. म्हणजे कुडाच्या घराचाच थोरला भाऊ. त्यावर पातळ पांढरा हात. रंग कोणते? गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी आणि पांढरा. एक निळा तेवढा परका. तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानच्या डोंगरातून आलेला आणि म्हणून जपून वापरलेला. हा निळा लक्षात ठेवा, तो पुढे भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

*

हेंद्रेपाड्यापासून फार लांब नाही असे अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे सन १०६० च्या शिलालेखाचे. आज ते काळ्या दगडाच्या स्वतःच्या रंगात उभे आहे आणि त्याला दुसरा रंग असावा असे पाहणाऱ्याला कधी वाटत नाही. देव दगडात राहिला, राजे आणि सरदार चुन्यात राहिले, आणि रयत मातीत राहिली, अशी ही वाटणी पुष्कळ शतके चालली.

चुन्याला मान होता, कारण त्यामागे कष्ट होते. देशावर चुनखडी भट्टीत भाजायची, किनाऱ्यावर शिंपल्यांची कवचे भाजायची. भाजून निघाली ती चुनकळी. ती पाण्यात टाकली की हौद खदखदू लागतो; शिंतोडा अंगावर आला तर कातडी पोळते, डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतते. बांधकामाचा चुना बैलाच्या घाणीत तासन्‌तास मळला जाई. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला, तेव्हा पुण्यात अशा घाण्या किती फिरल्या असतील याची कल्पना करावी. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, पण दिल्ली दरवाजाच्या आतल्या भिंतीवर जुन्या चित्रांच्या खुणा अजून दिसतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यातही भिंतीवरची चित्रे आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रे असत ती दिवाणखान्यात, दरवाजावर, देवघराशी. बाकीचा वाडा पांढरा. श्रीमंतांनाही चोवीस तास रंगांच्या गलक्यात बसायचे नव्हते.

चुन्याची एक गंमत सफेती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ओला हात दिला की भिंत पांढरी दिसतच नाही, मळकट दिसते. नवखा माणूस घाबरतो आणि लगेच दुसरा जाड हात देऊन मोकळा होतो. मग त्याचे पोपडे निघतात. जाणता माणूस घायपाताचा कुंचा खाली ठेवून स्वस्थ बसतो. भिंत वाळत जाते, चुना हवेतला कर्बवायू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगड जाळून केलेले पीठ भिंतीवर चढून पुन्हा दगड होते, तेव्हा कुठे ते पांढरेशुभ्र दिसते. चुना लावणे याचा फसवणे असा अर्थ आपल्या भाषेने का केला कोण जाणे. खरा चुना कोणाला फसवत नाही, फक्त थांबायला लावतो.

गरिबाघरी चुना परवडत नसे तिथे पांढऱ्या मातीचा पोतारा असे. माती भिजवायची, गाळायची आणि फडक्याने भिंतीवर हात फिरवत जायचे. हे काम बायकांचे. चुलीमागची भिंत तर धुराने इतकी काळी होई की तिला सणासुदीची वाट पाहणे परवडत नसे. भिंतीवर नीट पाहिले तर बोटांच्या कमानी दिसत, एकीखाली एक, जिथवर हात पोचला तिथवर. आपल्या घरांच्या रंगाचा इतिहास लिहायचा तर त्यातली बहुतेक पाने या हातांनी लिहिली आहेत, आणि त्यांतल्या एकीचेही नाव कुठे नोंदलेले नाही.

*

हाच पांढरा रंग एकदा सरकारी हुकमाने घरात शिरला. ती हकीगत दिवाळीच्या अंकात सांगावी की नाही असा विचार मनात येतो; पण तिच्याशिवाय पांढऱ्या भिंतीचा इतिहास पुरा होत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. शहर हादरले, लाखो लोक गाव सोडून पळाले. रोग नेमका कसा पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. घाण, अंधार, ओल आणि कोंदट हवा यांच्यावर सर्वांचा संशय होता. म्हणून घरे जंतुनाशकांनी धुतली जाऊ लागली, ऊन आत यावे म्हणून कौले काढली जाऊ लागली आणि भिंतींना चुना लागू लागला. माणसांनी राहण्यास अयोग्य अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे घरांच्या भिंतींवर रंगवली जात. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ती अक्षरे म्हणजे काय ते समजे.

पुढच्या वर्षी, १८९७ च्या मार्चमध्ये, पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांच्या तुकड्या लावल्या. काही घरे तपासणाऱ्या, काही औषध मारणाऱ्या, काही चुना लावणाऱ्या. शिपाई बुटांनिशी स्वयंपाकघरात गेले, देवघरात गेले. सामान रस्त्यावर आले, काही जाळले गेले. जिथे घरच्या पुरुषानेही सोवळ्यावाचून पाऊल टाकायचे नाही, तिथल्या भिंतीला परक्या शिपायाच्या कुंच्याने पांढरे केले. त्याच मार्च महिन्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले वारल्या. जूनच्या २२ तारखेला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढे चापेकर फासावर गेले आणि 'केसरी'तील लेखांवरून टिळक तुरुंगात. मवाळ-जहाल हे शब्द पुढच्या काळात आपल्या राजकारणात रुजले. पण त्या वर्षी पुण्यात मवाळातला मवाळ रंगही जहाल झाला होता.

आणि एवढे करून चुन्याचा प्लेगला उपाय झाला का? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. भिंतीला कितीही चुना लावा, उंदीर बिळातच राहतो. चुना जंतूंना मारतो हे खरे, पण हा शत्रू भिंतीवर नव्हताच. पुण्याने सोसले ते अशा एका उपायासाठी, जो त्या रोगावर लागू पडण्याजोगा नव्हता.

तरीही चुना घरोघर राहिला, उलट वाढला. रोगाची धास्ती ओसरली, पण पांढरी भिंत म्हणजे निरोगी भिंत ही समजूत पक्की झाली. शाळा, दवाखाने, धर्मशाळा, आगगाडीची स्टेशने वर्षाकाठी पांढरी होऊ लागली. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर, ज्या भिंतींना तेलरंग वा धुता येणारा रंग नाही त्यांना दर १४ महिन्यांतून एकदा तरी सफेती वा रंगसफेती झालीच पाहिजे, अशी तरतूद होती. पण घरच्या भिंतीला कायदा लागला नाही. तिथे दिवाळी होती. ज्या चुन्याने १८९७ मध्ये अपमान वाटला, तोच चुना घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही हुकमाशिवाय लावला, की त्याला सण म्हणतात. रंग तोच, कुंचा कोणाच्या हातात आहे, एवढाच फरक.

*

आता तो अजिंठ्याचा निळा. लाजवर्द दगड कुटून होणारा हा रंग युरोपात सोन्याच्या भावाने विकला जाई. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन यांनी तोच रंग माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून तयार करण्याची युक्ती काढली, आणि राजवाड्यातला निळा धोब्याच्या पुडीत आला. कपड्यांना घालायची ती पूड आपल्या बायकांनी चुन्याच्या बादलीतही टाकली. पुडीतली चिमूट, जास्त नाही. चुना जुना झाला की पिवळट दिसतो. निळ्याची छटा त्या पिवळटपणाला झाकते आणि डोळ्याला पांढरे अधिक पांढरे वाटते. हे शास्त्र आमच्या आज्यांना कोणी शिकवले नव्हते. हात सैल सुटला की मात्र घर निळेशार होई आणि वर्षभर शेजारीपाजारी थट्टा करत. अशा कितीतरी चुकलेल्या चिमटींतून निळ्या खोल्यांची आवड रुजली असावी, असा माझा आपला तर्क आहे.

गोव्यात याच्या उलटी गोष्ट सांगतात. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, म्हणून घरांनी पिवडी, काव आणि निळा घेतला, असे तिथले जुने लोक सांगत आले आहेत. पणजीच्या फोंतेन्यास भागातून हिंडताना ती रंगीत घरे पाहून डोळे निवतात. पण आत गेलात तर खोल्यांच्या भिंती बहुधा फिक्याच असतात. बाहेर मिरवायचे, आत विसावायचे, हा नियम वाड्याने पाळला तसा गोव्याच्या घरानेही पाळला.

*

मातीच्या आणि चुन्याच्या या जगात डबाबंद रंग आले ते कारखान्यांतून. १९०२ मध्ये कलकत्त्याजवळ हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये जो कारखाना सुरू झाला तो पुढे नेरोलॅक म्हणून नावारूपाला आला. १९४२ मध्ये, महायुद्धाने परदेशी माल अडला असताना, चार तरुणांनी मुंबईत एशियन पेंट्सची सुरुवात केली. त्या कंपनीसाठी १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी हातात कुंचा आणि डबा घेतलेला, कपाळावर केस आलेला एक खट्याळ पोरगा काढला. तोच गट्टू. कित्येक वर्षे दुकानांच्या पाट्यांवरून तो आपल्याकडे पाहत राहिला. पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत चुन्याची जागा डिस्टेंपरने घेतली ती याच पोराच्या साक्षीने. डिस्टेंपर पाठीला लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण. चुन्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्याचा कोट मागून पांढरा व्हायचा आणि घरातली पोरे तोंडात पदर-रुमाल कोंबून हसायची, तो विनोद डिस्टेंपरने संपवला.

पण केवळ डबे आले म्हणून फिके रंग घरभर पसरले नाहीत. त्यासाठी आधी धूर जावा लागला. चूल, शेगडी, घासलेटचा दिवा जोवर घरात होता, तोवर स्वयंपाकघराला मोतिया रंग देणे म्हणजे पैसे काजळीत घालणे. विजेचा दिवा आला, १९५५ च्या सुमारास मुंबईत गॅसच्या टाक्या येऊ लागल्या, आणि मग हळूहळू स्वयंपाकघराची भिंत वर्षाअखेरपर्यंत आपल्या रंगात राहू लागली. शाळांतून आणि चाळींच्या जिन्यांतून कमरेपर्यंत गडद तेलरंगाचा पट्टा आणि वर पांढरा अशी रीत होती. ती मुलांचे हात आणि माणसांच्या पाठी यांच्याशी केलेली तडजोडच होती. घराला असा पट्टा नको झाला, याचे श्रेय रंगाइतकेच धूर नसलेल्या चुलीला आहे.

डबाबंद रंगाने एक विषही घरात आणले होते. जुन्या तेलरंगातला पांढरा म्हणजे सफेदा, शिशापासून केलेला. पिवळ्या-लाल रंगांतही शिसे असे. भिंतीचे, खिडकीचे पोपडे चाटणाऱ्या लहान मुलांच्या मेंदूला ते बाधते. रंगाऱ्यांना होणारा त्रास पाहून १९२१ मध्येच सफेद्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय ठराव झाला. आपल्याकडे २०१६ चे नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये असे ठरले. आजचा पांढरा टिटॅनियमचा आहे. त्याची काळी वाळू केरळच्या किनाऱ्यावर मिळते. म्हणून जुन्या घराचे दार-खिडक्या घासताना लहान मुलांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. सणाच्या गडबडीत एवढे मात्र विसरू नये.

*

पुन्हा हेंद्रेपाड्याकडे वळू. २६ जुलै २००५ चा पाऊस बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी पुन्हा फुगली, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. हेंद्रेपाड्यासारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घराघरांत शिरते. ओसरताना ते प्रत्येक भिंतीवर एक रेघ ठेवून जाते. त्या रेघेखालचा रंग कोणी निवडलेला नसतो. डोंगरावरून आलेल्या गढूळ पाण्याने तो परस्पर दिलेला असतो. तांबूस करडा, जुन्या कुडाच्या भिंतीसारखा. नदीने घर पुन्हा मूळच्या मातीत रंगवून दिले, असे म्हणणे लेखणीला सोपे आहे; ज्यांचे धान्य, अंथरूण आणि मुलांची पुस्तके त्या पाण्यात गेली त्यांना ते सांगायला जाऊ नये.

अशा घरात रंगाचा प्रश्न हौसेचा उरत नाही. भिजलेली भिंत आतून वाळायला महिने लागतात. डाग दिसतो म्हणून घाईने तिच्यावर प्लॅस्टिक रंग चढवला तर आत कोंडलेली ओल वाट शोधते. आधी फुगे येतात, मग पोपडे, मग बुरशी, आणि दिवाळीचा खर्च होळीपर्यंतही टिकत नाही. अशा वेळी जुना चुना कामास येतो. तो भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर जाऊ देतो, बुरशीला वाढू देत नाही आणि खिशालाही परवडतो. एक वर्ष चुना लावावा, भिंत खडखडीत वाळू द्यावी आणि मग हवा तो रंग काढावा. ओल गेली की नाही हे पाहायला साधी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून घाम दिसला तर भिंत अजून ओली आहे.

बाकीच्यांनी रंग निवडताना आधी खोलीतल्या उजेडाकडे पाहावे. कौलारू घरात एक काचेचे कौल बसवून कवडसा आणणारी पिढी उजेडाची किंमत जाणत होती. समोरच्या इमारतीला टेकलेल्या आजच्या खोलीतही ती तितकीच आहे. अंधाऱ्या खोलीला सायीसारखा किंवा मोतिया रंग द्यावा, तो असेल नसेल तो उजेड परत करतो. उत्तरेच्या खोलीत उजेड थंड, निळसर येतो. तिथे राखी रंग उदास वाटतो, बदामी किंवा चंदनी ऊब देतो. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या खोलीत हाच बदामी संध्याकाळी पिवळाजर्द दिसू लागतो; तिथे राखीकडे झुकणारा पांढरा बरा. दुकानातली टिकलीएवढी पट्टी पाहून निर्णय करू नये. चटईएवढ्या तुकड्यावर रंग लावावा आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर असे तीनदा पाहावे. छत भिंतीहून एक छटा फिके असावे, म्हणजे ठेंगणी खोलीही उंच वाटते.

आणि रंगांची नावे इंग्रजीत वाचून बुजून जाऊ नये. आपल्या भाषेत मवाळ रंगांची नावे थेट घरातून आली आहेत. बदामी बदामावरून, राखी चुलीतल्या राखेवरून, चंदनी सहाणेवरच्या गंधावरून, तपकिरी आजोबांच्या तपकिरीवरून. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी पट्ट्यांचे पुस्तक कधी पाहिले नव्हते, पण कोणता रंग अंगाला लावून घ्यावा आणि कोणता नुसता पाहावा हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सण हा रंगांचा खराच. पण दिवाळीतले सगळे रंग मोजून पाहा : दारातली रांगोळी, आकाशकंदील, नवे कपडे, ताटातला फराळ, पणतीची ज्योत. यांतला एकही भिंतीवर नाही. सगळे भिंतीच्या पुढे आहेत, आणि पाडव्यानंतर आवरून ठेवायचे आहेत. भिंत वर्षभर मागे उभी राहायची असते. पांढरीवर घर बांधणाऱ्यांनी तिला जो रंग दिला, तो त्यासाठीच मवाळ होता.